मोज्यात नसलेलं कासव

माझी मुलगी रडू दाबायचं असलं की नखं कापत बसते. ही तिची लहानपणापासूनची सवय. शाळेत पहिल्यांदा गणितात नापास झाली तेव्हा बाथरूमच्या दाराआडून आधी नेलकटरचा आवाज आला आणि अर्ध्या तासाने ती स्वतः बाहेर आली. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी फोनवर बोलताना तिच्या बाजूने टक, टक असं ऐकू यायला लागलं, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"काय झालं गं?"

"कुठे काय? ठीक आहे सगळं." टक.

"मग नखं का कापतेयस?"

"वाढली म्हणून."

"परवाच्या फोनलाही कापत होतीस. माणसाला बोटं दहाच असतात."

"पायांची धरून वीस," ती म्हणाली आणि कामाचं काहीतरी कारण सांगून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून तो आवाज माझ्या कानातून जात नाही. खरं तर आज संध्याकाळी सगळं मार्गी लागल्याचं कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हे तर जेवून गाढ झोपलेसुद्धा. मी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसले आहे, कारण तिच्या त्या तीन आठवड्यांत माझाही एक वाटा आहे आणि तो तिला अजून माहीत नाही. आधी ती कशी आहे ते लिहिते, म्हणजे माझा वाटा किती ते मलाही कळेल.

घरात तिला नावाने कुणी हाक मारत नाही. ह्यांनी ठेवलेलं 'भिंग' हेच नाव चिकटलं. बल्ब बदलताना हे स्टुलावरून पडले आणि मनगट मोडून बसले, तेव्हा ती सात वर्षांची होती. दवाखान्यातून आणलेला एक्स-रे मी कपाटावर ठेवला होता. हिने खुर्चीवर चढून तो काढला, खिडकीच्या काचेला लावला आणि सगळी दुपार त्याच्यासमोर घालवली. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "बाबा, तुमच्या मनगटात आठ खडे आहेत. एकाला चीर गेलीय." डॉक्टरांनी आम्हाला खड्यांचा आकडा सांगितला नव्हता. ह्यांना आपल्या मोडक्या हाताचं इतकं कौतुक वाटलं की महिनाभर येईल-जाईल त्याला ते तिच्याकडून मोजून दाखवत होते.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, पण तिच्याशिवाय भिंगचं चित्र पुरं होणार नाही. ती नऊ वर्षांची असताना ह्यांच्या एका मित्राने तिला वाढदिवसाला छोटं कासव आणून दिलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, मुठीत मावेल एवढं. कुठून आणलं हे आम्ही विचारलं नाही. भेट म्हणून आलेल्या वस्तूचा कुणी पत्ता विचारतं का? कपडे भिजवायच्या निळ्या टबात पाणी घालून आम्ही ते त्यात ठेवलं. ते जमिनीवरचं कासव होतं, त्याला पाण्यात ठेवायचं नसतं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. सात आठवड्यांनी ते गेलं. पुढे कधीतरी शाळेच्या वाचनालयात हिने पुस्तक उघडलं आणि त्यात तेच कासव तिला दिसलं. असं कासव बाळगणं गुन्हा आहे, ही पिल्लं रानातून पोत्यांनी उचलतात आणि शंभरातली निम्मी वाटेतच मरतात, असं तिथे लिहिलं होतं. घरी येऊन तिने मला एवढंच विचारलं, "आई, आपण चोरीचं घेतलं होतं?" मी म्हटलं, "आपल्याला माहीत नव्हतं, बाळा." ती तशीच उठली. नेलकटर शोधायला गेली.

कॉलेज झाल्यावर दहा जणींसारखी बँकेची परीक्षा देईल असं मला वाटत होतं. हिने नोकरी धरली पार्सलांची. आमच्यापासून सहा तासांवरच्या शहरात विमानतळामागे एक मोठं पार्सल केंद्र आहे, तिथे एक्स-रे यंत्रावर बसायचं. मी एकदाच पाहून आले. पत्र्याची लांबच लांब शेड, थंडीत बर्फासारखी आणि उन्हात तव्यासारखी. मधून रबरी पट्टा फिरतो आणि त्यावरून खोकी एकामागून एक बोगद्यात शिरतात. पलीकडच्या काचेच्या खोलीत ही पडद्यासमोर बसलेली. पडद्यावर खोक्याच्या आतलं सगळं रंगांत दिसतं. कापड, कागद, खाणं नारिंगी, धातू निळा, मधलं काहीबाही हिरवं. एका खोक्याला आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात ठरवायचं, जाऊ द्यायचं की थांबवायचं. मला तर आठ सेकंदांत चहात साखर घातली की नाही हे ठरवता येत नाही.

पट्ट्यावर खोकी चढवणाऱ्या लोकांचे मुकादम आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. पिकलेल्या मिशा, डोक्यावर बाराही महिने लोकरीची टोपी. त्यांनी मला खोलीत खुर्ची आणून दिली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीने माझं जगणं अवघड केलंय. बाकीच्यांना खोकं दिसतं, हिला खोक्यातलं दिसतं. दर तासाला एक तरी उतरवायला लावते." पण हे बोलताना त्यांची मान ताठ होती, जणू डोळे त्यांनीच तिला दिले होते.

त्या डोळ्यांनी तिने पहिल्याच वर्षी एक खोकं पकडलं. वर लहान मुलांचे कपडे लिहिलेलं होतं. आत अठरा मोजे आणि प्रत्येक मोज्यात एक जिवंत कासव. पाय हलू नयेत, आवाज होऊ नये म्हणून मोज्यात कोंबतात, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी ती फोनवर मला म्हणाली, "आई, आज अठरा परत गेली." त्या निळ्या टबाचं नाव आम्ही दोघींनीही घेतलं नाही.

पण माणसाचे डोळे दमतात. तिची पाळी संपली की तिच्या जागी दुसरं कुणी बसायचं आणि त्या आठ तासांत काय काय निघून गेलं असेल, या विचाराने ही घरी जाऊनही झोपायची नाही. म्हणून मागच्या वर्षी केंद्राने संगणकाला हे काम शिकवायचं ठरवलं आणि शिकवायची जबाबदारी तिच्यावर टाकली. म्हणजे एक्स-रेची हजारो चित्रं त्याला दाखवायची. यात कासव आहे, यात नाही. यात आहे, यात नाही. बघता बघता तो स्वतःच ओळखायला लागतो आणि संशय आला की चित्रावर लाल चौकोन काढतो. मी म्हटलं, "म्हणजे बालवाडीच." ती हसली. "बालवाडीतली मुलं कंटाळतात तरी. हा कंटाळत नाही."

खरी कासवं काही अशी डब्यात भरून फिरवता येत नाहीत. मग डॉक्टरांच्या मदतीने तिने साच्यातून प्लास्टर आणि मेणाची दोनशे कासवं ओतली, एक्स-रेत अगदी खऱ्यासारखी दिसतील अशी. आणि मला फोन केला. "आई, तुझे मोजे हवेत. असतील तेवढे."

हे लिहिताना मला आत्ताही बरं वाटतंय. मी मोजे विणते. गुडघे दुखायला लागल्यापासून बाहेर जाणं कमी झालं आणि हात स्वस्थ बसत नाहीत. घरात तीन माणसं आणि पाय सहाच, त्यामुळे कपाटाचा एक खण मोज्यांनीच भरलेला होता. ह्यांनी तर मला विणकाम खातं असं नावच दिलं होतं. मी साठ जोड पाठवले. माझ्या पद्धतीने, म्हणजे एकावर एक ठेवून बोटांच्या बाजूने घट्ट गुंडाळायचे आणि वरची कड उलटवून चेंडू करायचा. "बघा, तुमच्या मोज्यांना अखेर सरकारी मागणी आली," हे म्हणाले. भिंगने प्रत्येक मोज्यात एकेक खोटं कासव घातलं, माझ्यासारखाच चेंडू वळला आणि खोक्यांत भरभरून यंत्रातून पाठवलं. चार महिने हेच चाललं होतं. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला यंत्र तयार झालं.

आता माझा वाटा.

त्याच सुमाराला माझ्या ताईच्या पायाचं ऑपरेशन झालं. ती आमच्या उत्तरेला, जिथे थंडी जास्त तिथे राहते. मी तिच्यासाठी सहा जोड मोजे विणले, त्यातले दोन तर रात्री जागून पूर्ण केले, आणि पार्सलने पाठवले. तीन दिवसांत पोचायला हवे होते. चौथा दिवस गेला, सहावा गेला. ताई फोनवर म्हणायची, "राहू दे गं, पोचतील." पण पाय गार पडतात हे तिने न सांगताही मला कळत होतं. नवव्या दिवशी खोकं पोचलं. फाडलेलं, भलत्याच चिकटपट्टीने बंद केलेलं, मोजे सगळे उलगडून कसेही कोंबलेले आणि वर शिक्का: तपासणीसाठी उघडले.

मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की नवीन संगणक यंत्रणा बसवली आहे, तिने तुमचं पार्सल संशयास्पद ठरवलं. झालं. मी सतरा मिनिटं बोलले. एरवी मी दुकानात सुटे पैसे कमी आले तरी गप्प राहते, पण त्या दिवशी कुठून शब्द येत होते देव जाणे. "खोक्यात सहा जोड मोज्यांशिवाय काहीही नव्हतं. मोज्यांतून काय साप निघणार होता?" असं विचारलं. आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या यंत्राला ज्याने कुणी शिकवलंय ना, त्याला स्वतःच्या घरी कुणी काही शिकवलेलं दिसत नाही." ती मुलगी सगळं टाइप करून घेत होती, कीबोर्डचा आवाज येत होता. फोन ठेवून मी ह्यांच्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुला कळायला नको? खरंच नाही कळलं. मला वाटायचं, भिंगचं यंत्र म्हणजे तिच्या त्या काचेच्या खोलीतली एक पेटी. तिने शिकवलेलं एकाच वेळी त्यांच्या पाचही पार्सल केंद्रांवर बसवलंय आणि आमच्या गावाची पार्सलं त्यातल्या एका केंद्रातून जातात, हे मला ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही आणि मी जेवलीस का, झोपलीस का, याच्या पलीकडे तिला फारसं विचारत नाही.

त्यानंतर आठवड्याने तो नखांचा आवाज सुरू झाला. दहा-अकरा दिवस नुसतं ठीक आहे, ठीक आहे. मग एका दुपारी तिने आपणहून फोन केला आणि सगळं बाहेर पडलं.

यंत्र भलभलती पार्सलं अडवत होतं. कासव एकही सापडलं नव्हतं. पण आज्यांची, आत्यांची, मावश्यांची खोकी मात्र दिवसाला चाळीस चाळीस उघडली जात होती. मामा पट्ट्यावरून ओरडायचे, "ताई, तुझं पोरगं परत एका म्हातारीच्या मागे लागलं बघ!" आधी सगळे हसायचे, नंतर कुणी हसेनासं झालं. पाचही केंद्रांच्या मिळून तक्रारी त्रेसष्ट झाल्या. केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांना बसवून निवडक तक्रारी मोठ्याने वाचल्या आणि सांगितलं की महिनाअखेरीला, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता यंत्र बंद करायचं. तिने परत पडद्यासमोर बसावं. तेही जागा राहिली तर.

"आणि वनखात्याची खबर आहे, आई. थंडीत कासवं सुस्त असतात, म्हणून या दिवसांतच पाठवतात. या महिन्यात इथूनच माल निघणार आहे. मी एकटी किती बघू?" टक. "जाऊ दे. त्यातली एक तक्रार होती ना, एका बाईची, ती तर माझ्या डोक्यातून जातच नाही. साहेबांनी दोनदा वाचली. म्हणे, याला स्वतःच्या घरी कुणी काही शिकवलेलं दिसत नाही."

मी ओट्यापाशी होते, गॅस बंद केला.

"सगळे गालात हसत होते," ती म्हणाली. "मला तुझी आठवण आली. म्हटलं, बरं झालं आईने नाही ऐकलं हे."

खरं सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही मी. पण आवाज फुटला तो असा: "तू जेवलीस का?"

पलीकडे एकदा टक झालं. मग म्हणाली, "हो आई, जेवले."

ह्यांना सांगितलं तर हे आधी हसले आणि मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. "मी मध्ये पडणार नाही," म्हणाले. "तूच सांग. पण आज नको, ती आधीच खचलीय." मी त्या सल्ल्याला घट्ट धरून ठेवलं. आपल्या सोयीचा सल्ला लगेच पटतो.

पण भिंग काही नखं कापत बसली नाही. तिचं नाव भिंग का पडलं हे मी वर लिहिलंच आहे. टोचणारी गोष्ट ती फेकून देत नाही, जवळ घेऊन बघते. त्याच रात्री तिने माझी, म्हणजे त्या बाईची तक्रार काढून पुन्हा वाचली. या वेळी शेवटचं वाक्य सोडून दिलं आणि आधीचं वाचलं. मोज्यांशिवाय काहीही नव्हतं. तिने त्या पार्सलचं चित्र उघडलं. मग बाकीच्या बासष्टांची. एकूण त्रेसष्टांपैकी एकावन्न खोक्यांत लोकरीचं काहीतरी होतं, गुंडाळून चेंडू केलेलं. मोजे, हातमोजे, कानटोप्या.

सकाळी सहाला तिचा फोन. "आई, मी गाढव आहे."

"काय झालं?"

"मी त्याला कासव दाखवलं ते फक्त मोज्यातलं. प्रत्येक वेळी. आणि रिकामा मोजा एकदाही नाही दाखवला! बिनकासवाच्या खोक्यांत मी पुस्तकं घातली, भांडी घातली, चपला घातल्या, पण मोजे नाहीत. कारण मोजे सगळे कासवांना लागले होते. मग त्याला कसं कळणार, यातलं मोजा कुठला आणि कासव कुठलं? तो बिचारा मोजेच शोधत होता. अगदी इमानदारीत. तुझ्यासारखे गुंडाळलेले मोजे!"

रडत होती की हसत होती कळत नव्हतं, पण नेलकटरचा आवाज नव्हता.

"मग आता?"

"आता त्याला रिकामे मोजे दाखवायचे. आणि मोज्याबाहेरची कासवं. नऊ दिवस आहेत."

मी म्हटलं, आणखी जोड पाठवते, तर ती ओरडलीच. "नको! पार्सलने तर मुळीच नको, अडकेल!"

तिच्याकडच्या साठ जोडांतली कासवं बाहेर निघाली आणि मोजे रिकामे चेंडू होऊन पट्ट्यावरून गेले. पण सगळेच माझ्या हातचे चालणार नव्हते, तऱ्हेतऱ्हेचे हवे होते. मग पाळी बदलायच्या वेळी तिने शेडच्या दारात प्लास्टिकचा टब ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, बूट काढा, मोजे द्या. मामांनी पहिले दिले. दोन्हींना अंगठ्याशी भोकं. "ताई," ते म्हणाले, "यातलं कासव तर भोकातूनच पळून जाईल." केंद्रातल्या टायपिस्ट बाईंनी नायलॉनचे दिले. ड्रायव्हरांनी दिले ते तिने चिमट्याने उचलले म्हणे. साहेब दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी आले, खुर्चीवर बसले, काळे मोजे काढून टबात टाकले आणि उघड्या पायांवर बूट घालून निघून गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "शुक्रवार, सहा वाजता."

इकडे प्लास्टरची कासवं टॉवेलात, वर्तमानपत्रात, बुटांच्या खोक्यात, कुकरात, बाहुलीच्या पोटात फिरत होती. भिंग पाळी संपल्यावर चार-चार तास थांबायची. मी रोज फोन करायचे, रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज जेवलीस का विचारून ठेवून द्यायचे. आधी म्हणायचे ती खचलीय, आता म्हणायचे ती कामात आहे.

आज शुक्रवार. ताजं शिकवलेलं यंत्र काल रात्रीपासून लावलेलं होतं. रात्रभरात लोकरीची तीनशेच्या वर खोकी गेली आणि एकही अडलं नाही. पहाटे पाचच्या आसपास पडद्यावर एक लाल चौकोन उमटला. खोक्यावर लिहिलं होतं, काचेची भांडी. मामांनी पट्टा थांबवला आणि जांभई देत म्हणाले, "आली परत कुणाची तरी आजी."

भिंगने चित्र मोठं केलं. मोजा नव्हता, लोकर नव्हती. नारिंगीत गोल गोल, ओळीने, एकावर एक. तिला आधी अंडीच वाटली. मग एका गोलाच्या कडेला तिला चार बारीक रेषा दिसल्या, आखडून घेतलेले पाय. ती म्हणाली, "मामा, हळूच उतरवा. उलटं करू नका."

वनखात्याची माणसं आणि डॉक्टर येईपर्यंत कुणीही खोक्याला हात लावला नाही. उघडलं तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि प्रत्येक खळग्यात अंड्याच्या जागी कासवाचं पिल्लू, पायांवरून चिकटपट्टी फिरवलेली. पिवळ्या चांदण्यांची. एकतीस.

तीस हलत होती. एक हलत नव्हतं. डॉक्टरांनी चिकटपट्टी कापली आणि ते टायपिस्ट बाईंच्या डब्याच्या झाकणात, बोटभर कोमट पाण्यात ठेवलं. फक्त तेवढ्यापुरतं, अंगातलं पाणी भरून यावं म्हणून. भिंग सांगत होती, "मला बघवेना, आई. परत पाणी, परत तेच. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले." वीसेक मिनिटांनी मामांचा आवाज आला, "ताई, वळ इकडे. म्हातारबुवांनी मान काढली."

पार्सल देणाऱ्याने पत्ता खोटा लिहिला होता, पण दुकानातल्या कॅमेऱ्यात चेहरा खरा आला. दुपारपर्यंत दोघांना पकडलं. संध्याकाळी सहा वाजता साहेब यंत्राच्या खोलीत आले. सगळे बघत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला कुणी हात लावायचा नाही. साफसफाई करतानासुद्धा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि माझे मोजे परत करा. थंडी आहे."

हे सगळं तिने मला पाऊण तास सांगितलं. मध्येच मी विचारलं, "आज नखं नाही कापत आहेस?"

"उरलीच नाहीत," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी तिचं ते पोटातून येणारं हसू ऐकलं मी! हे शेजारी उभे राहून फोनला कान लावत होते. त्यांनी डोळे पुसले आणि चष्म्याला वाफ आल्याचं मला सांगितलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आई, ती तक्रारवाली बाई आठवते? तिने मोज्यांचं लिहिलं नसतं तर मला सापडलंच नसतं. साहेब म्हणाले, तिला आभाराचं पत्र पाठवू. नाव आमच्याकडे येत नाही, तक्रारखात्याकडून उद्या सकाळी मागवणार आहेत. मी म्हटलं, पत्र मीच लिहिते." मग जरा थांबून, "बोलते मात्र अगदी तुझ्यासारखी."

तिला कळलंय का? सवयीने म्हणाली असेल? मी तेव्हापासून त्या एका वाक्याला उलटंपालटं करून बघते आहे. माझ्याकडे तिच्यासारखी नजर नाही, मला आतलं काही दिसत नाही.

पण एवढं मला लिहिता लिहिता उमगलं. मला भीती वाटते ती तिच्या रागाची नाही, राग ती हसून विसरेल. ती सगळ्यांसमोर ते वाक्य ऐकत होती आणि त्या वेळी तिला माझी दया येत होती, आईने ऐकलं नाही ते बरं, असं वाटत होतं. उद्या सकाळी परक्या खात्याच्या कागदावर माझं नाव वाचताना ती पुन्हा एकटीच असेल. त्या कासवाच्या वेळी तिने मला विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, आपल्याला माहीत नव्हतं. या वेळी मला दहा दिवसांपासून माहीत आहे.

सव्वा वाजला आहे. आज ती रात्रपाळीला गेलीच, "आज कोण झोपणार?" म्हणाली. दीड वाजता पट्टा पंधरा मिनिटं थांबतो आणि सगळे शेडबाहेर चहा घेतात. मामा असतील, टायपिस्ट बाई नसतील, साहेब झोपले असतील. फोन तिच्या खिशात असतो.

जेवलीस का हे मी आज विचारणार नाही. ती हॅलो म्हणाली की लगेच सांगणार आहे, भिंग, त्या बाईला पत्र लिहू नकोस, ती बोलतेच आहे तुझ्याशी.